शिडी, दृश्य एकतीस

सोफियात, जुन्या रेडिओच्या इमारतीत,
तिसऱ्या मजल्यावर, जिथवर लिफ्ट येत नाही,
सकाळी नऊला रादोस्तिना पेटी उघडते.
वाद्य जोडत जाते तुकड्याला तुकडा,
बोरूची पात जिभेवर भिजत ठेवून,
त्यामुळे तिला कोणाच्या नमस्काराला उत्तर देता येत नाही.

बसून म्हणतात त्या वाद्याला.
आपल्या कानाला वाटतं, आहे कोणीतरी
कामधंदा सोडून, भिंतीला पाठ टेकून, नुसतं बसून.
आवाजही तसाच,
जेवण जड झालेल्या मामाचा,
जो डोळे न उघडता सांगतो, मी जागाच आहे.

म्हणून विनोदी चित्रपटात त्याला मरण नाही.
कुत्रा केक पळवतो: बसून.
आजोबा भलत्याच लग्नात जेवून येतात: बसून.
आज दृश्य एकतीस. बाप शिडीवरून पडतो.
नऊ सेकंद.
पाच पायऱ्या, पाच सूर, सगळे खाली खाली,
मग रंगाचा डबा; पण तो ढोलवाल्याकडे.

दिग्दर्शक समुद्रापलीकडे, पडद्यावरच्या चौकोनात.
तिथे मध्यरात्र. हातात दूध-पोह्यांचा वाडगा.
"छान झालं ना?" तो विचारतो.
लुचेझार, वाद्यवृंदाचा संचालक, मान आडवी हलवतो.
बल्गेरियात आडवी मान म्हणजे हो.
चौकोनातल्याला वाटतं, यालाही पटलेलं नाही.
"खरंय," तो म्हणतो, "अजून गंमत हवी."

पुन्हा.
पुन्हा.
सातव्या वेळी व्हायोलाच्या रांगेत कोणाला तरी
हसू आवरत नाही, आणि तो टेक
गंमत सापडल्यामुळे बाद होतो.

जूनमध्ये तिचे वडील पडले होते.
क्युस्तेंदिलकडच्या गावी, चेरीच्या झाडावरून.
ती खाली टोपली धरून उभी.
तिथे कसले सूर!
फांदी मोडल्याचा आवाजसुद्धा
ते जमिनीवर पोचल्यावर आला, असं तिला आठवतं.
टोपली कलंडली. चेरी उतारावरून घरंगळत गेल्या
शेजाऱ्याच्या कुंपणापर्यंत,
आणि शेजाऱ्याची कोंबडी चौकशीला आली.
कामेन आभाळाकडे बघत पडून राहिले.
बऱ्याच वेळाने म्हणाले,
"वरच्या अजून कच्च्याच आहेत."
खुबा मोडला होता.
ती हसली होती.
ते हसणं तिने अजून कोणाला सांगितलेलं नाही,
डॉक्टरांना तर नाहीच.

अकराव्या वेळी ती चौथा सूर वाजवते
आणि पाचवा देत नाही.
लुचेझारची काठी हवेत थांबते.
एक फांदी मोडायला लागतो तेवढा वेळ.
मग पाचवा, अगदी सावकाश, अदबीने,
झाडाखालून वर बघणाऱ्या माणसाने
खबर द्यावी तसा.
समुद्रापलीकडे वाडग्यातलं दूध सांडतं.
लुचेझार या वेळी खबरदारी म्हणून अंगठा दाखवतो.

फेब्रुवारीत चित्रपट टीव्हीवर लागला.
तोंडं परकी, बोलणं बल्गेरियन,
दोघांचा मेळ बसता बसत नाही.
कामेन खुर्चीत, कुबडी मांडीवर आडवी,
एका हाताने भोपळ्याच्या बिया सोलत.
दृश्य एकतीस आलं.
पहिल्या तीन सुरांवर आई ओरडत होती,
चौथ्यावर कुत्रा भुंकला,
एवढ्यासाठी अकरा वेळा.
मग ती रिकामी जागा.
मग पाचवा, अख्खाच्या अख्खा.

कामेन हसले ते खुबा धरून हसले.
डोळे पुसले. मग म्हणाले,
"असं कोणी पडत नाही.
आणि यात तू कुठे होतीस?"

"खाली," ती म्हणाली, "टोपली धरून."

त्यांनी मान हलवली, आडवी,
आणि साबणाची जाहिरात लागली तरी
ती हलतच होती.